यंत्र आले, कंबर वाचली का?

भिवंडीच्या आसपास, माणकोली, राहनाळ, पूर्णा भागातील गोदामांत दिवाळीआधी कामाला उसंत नसते. ट्रकमधून खोकी उतरतात, रॅकवर चढतात, पुन्हा उतरून दुसऱ्या ट्रकमध्ये जातात. देशातील काही मोठ्या गोदामांत यातले बरेच काम आता कन्व्हेयर, उंच रॅकमधून फिरणाऱ्या स्टॅकर क्रेन आणि जमिनीलगत धावणारे रोबो करतात. ओझे यंत्राकडे गेले म्हणजे कामगाराची कंबर सुटली, असे सर्वजण गृहीत धरतात. ते अर्धेच खरे आहे.

कंबरेला नुसते वजन नडत नाही, ते शरीरापासून किती दूर धरले आहे हेही नडते. 20 किलोचे खोके मणक्यापासून अर्ध्या मीटरवर धरले, तर ते तोलायला पाठीच्या स्नायूंना सुमारे 200 किलोचे बळ लावावे लागते. कारण हे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटर मागे असतात. शाळेत शिकलेला तरफेचा नियम, आणि भार येतो तो मणक्यांमधल्या गादीवर. स्वीडनचे डॉ. आल्फ नाचेमसन यांनी 1960 च्या दशकात या गादीत सुई घालून दाब मोजला. वजन घेऊन पुढे वाकल्यावर तो उभे असतानाच्या दुपटीहून अधिक भरला. ‘गादी सरकली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तिचे बाहेरचे कडे चिरते आणि आतला मऊ गर बाहेर येऊन नसेवर दाबतो.

किती वजन उचलावे, याचे अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेचे सूत्र 1991 मध्ये सुधारले गेले. सगळे अनुकूल असेल तर मर्यादा 23 किलो. ओझे पायाच्या घोट्यांपासून 25 ऐवजी 50 सेंटिमीटरवर असेल तर ती निम्मी होते. मिनिटाला पाच वेळा, असे दिवसभर उचलायचे असेल तर बाकी सारे अनुकूल असूनही मर्यादा 8 किलोवर येते.

यंत्राची गोष्ट इथेच अडते. जुन्या पद्धतीत कामगार वस्तू शोधत रॅकमधून दिवसभर चालत असे. नव्या पद्धतीत रोबो अख्खा रॅकच उचलून त्याच्यासमोर आणतो. चालणे वाचते, पण त्या चालण्यात पाठीला मिळणारी विश्रांतीही जाते. अमेरिकेतील गोदामांत तासाला शंभरच्या आसपास वस्तू काढणारा माणूस यंत्रासमोर तीनशे-चारशे काढू लागला. तासाला तीनशे म्हणजेच मिनिटाला पाच. वस्तू हलक्या असल्या तर कंबर कदाचित निभावते, पण खांदा आणि मनगट बोलू लागतात. ‘रिव्हील’ या अमेरिकी शोधपत्रकारांच्या संस्थेने 2020 मध्ये ॲमेझॉनच्या गोदामांमधील इजांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोबो असलेल्या गोदामांत गंभीर इजांचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले. कंपनीला हा निष्कर्ष मान्य नव्हता.

दोष रोबोचा नाही. पन्नास किलोचे पोते डोक्यावर वाहण्यापेक्षा तो केव्हाही बरा. त्याचा वेग कोण ठरवतो आणि त्याच्यासमोरचे टेबल कोणाच्या उंचीचे आहे, हे बघायला हवे.

मेडिकलमध्ये मिळणारा कमरेचा पट्टा बांधून हा प्रश्न सुटत नाही. सामान हाताळणाऱ्या दुकान-कामगारांवर अमेरिकेत झालेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पट्ट्याने ना इजा कमी झाल्या, ना पाठदुखी. त्यापेक्षा वर-खाली होणारे साधे टेबल अधिक कामाचे. जड माल गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली ठेवावा, दर दोन तासांनी कामाची जागा बदलावी, पॅलेट ट्रक ओढण्याऐवजी ढकलावा.

पाठ धरलीच तर दिवसभर अंथरुणात पडून राहू नये; झेपेल तितके चालावे. मात्र पायातली ताकद कमी होत असेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला असेल किंवा लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाळी संपेपर्यंतही थांबू नये.

आणि टेबल खाली येत नसेल, तर बुटक्या कामगाराच्या पायाखाली भक्कम, रुंद फळी द्यावी. तेवढ्याला रोबोइतका खर्च येत नाही.