मैत्रीपूर्ण सामन्याचे मोल

मैत्रीपूर्ण फुटबॉल सामन्यात गुणतक्ता नसतो, बहुधा चषकही नसतो. मग तो खेळायचा कशासाठी? मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात ६ जून २०१७ रोजी झालेली भारत-नेपाळ लढत याचे उत्तर देते. लेबनॉनचा संघ येऊ न शकल्याने शेजारी नेपाळ ऐनवेळी धावून आला. संदेश झिंगन व जेजे लालपेखलुआ यांच्या गोलांमुळे भारत २-० असा जिंकला. जागतिक क्रमवारीत तेव्हा अशा सामन्याचे वजन १, तर पात्रता सामन्याचे २.५ धरले जाई. त्यामुळे खरा लाभ सरावाचाच होता. आठवड्याने बंगळूरमध्ये सुनील छेत्रीच्या एकमेव गोलवर भारताने पात्रता फेरीत किर्गिझस्तानला नमविले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०१९ च्या आशिया चषकातील प्रवेशही निश्चित झाला. २०११ नंतर भारत प्रथमच या स्पर्धेत उतरणार होता.