नियमशास्त्र आणि कृपा

पेण-रोह्याकडे 'शनवार तेली' हे नाव आपण ऐकले असेल. तेल गाळणारे हे बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. पण शतकानुशतके त्यांची ओळख टिकवली ती या शनिवारानेच.

हा शनिवार मोशेच्या नियमशास्त्रातला. येशूही त्यातच वाढला. मग परूशी शास्त्र्यांशी त्याचा वाद कशाचा? शिष्य हात न धुता जेवले म्हणून त्यांनी बोल लावला, ही हकिगत मार्कच्या शुभवर्तमानात आहे. येशूचे म्हणणे असे, की माणूस विटाळतो तो पोटात गेलेल्या अन्नाने नव्हे, मनातून निघालेल्या लोभाने नि कपटाने. शुद्ध मनाची ही मागणी आमोस, यशया या यहुदी संदेष्ट्यांचीही होती.

पौल तर स्वतः परूशी. तो सांगतो, नियमाने पाप कळते. म्हणजे नियम हा आरसा. डाग दाखवील, पण धुणार नाही. क्षमा ही देवाची कृपा, ती मजुरीसारखी कमावता येत नाही.

मग कसेही वागावे काय? मुळीच नाही! चांगले वागायचेच, मात्र क्षमा मिळावी म्हणून नव्हे, मिळाली म्हणून.