पाय वर घे गो!

रीलमध्ये यॉट मालदीवची असते, आपल्या बजेटमध्ये बोट मालवणची बसते. मजा कमी नाही. फक्त निघण्याआधी एक गोष्ट शिकून घ्या, तीही आपल्याच शहरातल्या एखाद्या जलतरण तलावात.

"पाय वर घे गो!"

गाईड दादा तिसऱ्यांदा ओरडला, तेव्हा मला खरंतर त्याचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात उतरले होते. तोंडात नळी, नाक मास्कमध्ये बंद आणि कानात स्वतःच्याच श्वासाचा घरघर आवाज. तेवढ्यात एक लाट आली, नळीत खारं पाणी शिरलं आणि मी घाबरून पाय खाली सोडले. पाणी छातीपर्यंतच होतं. पायाला काहीतरी टणक, खरखरीत लागलं. त्यावर उभी राहिले आणि हुश्श केलं.

"तो दगड न्हय, जीव आसा तो," दादा म्हणाला. या वेळी ओरडून नाही, जरा हळू आवाजात.

मी प्रवाळावर उभी होते. कोरल! जे बघायला सहाशेपेक्षा जास्त किलोमीटर आले होते, पहिल्या पाच मिनिटांत त्याच्याच डोक्यावर पाय दिला होता.

यॉट नाही, पण चालतंय की

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्कलिंगचे फोटो आले आणि आमच्या ग्रुपवर 'बेटं' हा विषय सुरू झाला. निळं पाणी, पांढरी यॉट, डेकवर गॉगल लावून बसलेली माणसं. लक्षद्वीपला जायला परवाना काढावा लागतो, विमान कोचीहून पकडायचं. सगळ्यांनी मिळून हिशेब केला आणि ग्रुपवर दोन दिवस शांतता पसरली. मग कुणीतरी लिहिलं, "मालवण?"

आपल्याकडून मालवण म्हणजे तसा उलटाच कोपरा. आम्ही पाच जण तपोवन एक्स्प्रेसने दादरला गेलो आणि तिथून रात्रीची तुतारी पकडून सकाळी कुडाळला उतरलो. पुढे एसटी. बोट होती फायबरची, डिझेलचा धूर सोडणारी, बसायला लाकडी फळ्या. पण ती जेटीवरून सुटली आणि समोर सिंधुदुर्ग पाण्यातून वर आला, तेव्हा यॉट कुणालाच आठवली नाही.

किल्ल्याचा इतिहास शाळेत पाठ केलेला असतो. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी बांधकाम सुरू केलं, तीन वर्षांत तो उभा राहिला. पण तिथे गेल्यावर आम्हा संभाजीनगरकरांना वेड लावलं ते तीन विहिरींनी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध गोडं. आमचा एक मित्र कठड्याला टेकून बराच वेळ आत बघत होता. "आपल्याकडे जायकवाडी एवढ्या जवळ असून नळ आठवड्याने येतो राव," एवढंच बोलला. सगळे हसलो, पण त्या हसण्यात थोडं रडणंही होतं.

सेल्फीच्या खाली अभयारण्य

स्नॉर्कलिंग होतं ते याच किल्ल्याच्या आसपासच्या खडकाळ भागात. आणि हा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो, हे बोटीतल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. १९८७ मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्रफळ २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला साधारण ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा. मासेमारीवर बंधनं येतील म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध होता. आज त्याच मच्छीमारांच्या घरातली अनेक पोरं पर्यटकांना पाण्याखालचं जग दाखवून घर चालवतात. आमचा गाईडही त्यातलाच. वडील रापण ओढायचे, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी मिळून ओढायचं ते भलंमोठं जाळं.

आता त्या 'दगडा'बद्दल. प्रवाळ हा प्राणी आहे. जेलीफिशचा लांबचा नातेवाईक म्हणा. इवलेइवले हजारो जीव शेजारीशेजारी राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. प्रवाळाचे रंगही मुख्यतः त्याच्यामुळेच. पाणी नेहमीपेक्षा जास्त आणि जास्त दिवस तापलं की प्रवाळ या भाडेकरूला बाहेर काढतं. मग ते पांढरं पडतं. पाणी लवकर थंड झालं तर सावरतं, नाहीतर उपासमारीने मरतं.

हे सध्या जगभर चालू आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक 'ब्लीचिंग'ची घोषणा केली. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपमध्येही मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं. वर्षभराने आलेल्या आकडेवारीनुसार जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळ क्षेत्राला या उष्णतेची झळ बसली आहे. समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळाने व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या जवळपास एक चतुर्थांश प्रजातींचा कुठे ना कुठे त्याच्याशी संबंध येतो.

समुद्राचं तापमान तुम्ही-आम्ही एका ट्रिपमध्ये कमी करू शकत नाही. पण पाय? गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला काही मिलीमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढतं. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा वयाने जवळपास आपल्याएवढा असू शकतो. त्याच्यावर पन्नास-साठ किलोचं माणूस पाच सेकंद उभं राहिलं तरी वरची जिवंत साल खरवडते. आणि एका सिझनमध्ये त्याच जागी किती जण उभे राहत असतील, याचा विचार करा.

उभं राहण्यामागची भीती

आमच्या बोटीत आम्ही दहा जण होतो. पुणे, सोलापूर आणि आम्ही संभाजीनगरचे. त्यातल्या फक्त तिघांना पोहता येत होतं. उरलेल्या सातही जणांनी एकदा तरी पाय टेकवले. कुणीही मुद्दाम केलं नाही. कोरल तोडावं असं कुणाच्या मनातही नव्हतं. भीती वाटली की माणूस उभा राहतो, एवढंच. त्यात लाइफ जॅकेट तुम्हाला उभंच धरून ठेवतं. पालथं तरंगायचं, चेहरा पाण्यात ठेवून तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा, ही गोष्ट शरीराला आधीपासून ठाऊक नसेल तर समुद्रात पाच मिनिटांत ती येत नाही.

आणि आपल्याला ती ठाऊक असणार तरी कशी? आपलं बालपण टँकर आणि ड्रमच्या पाण्यात गेलेलं. आमच्या घरी 'पाण्याच्या जवळ जाऊ नकोस' हीच पोहण्याची एकमेव शिकवणी होती. विहिरीत, धरणात बुडाल्याच्या बातम्या वाचून आईने घातलेली ती भीती खोटीही नाही.

उलट समुद्रावर ती भीती विसरूच नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणून पोहता येवो न येवो, बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत जॅकेट अंगावर हवंच. बोट भरलेली वाटली तर पुढच्या बोटीची वाट बघायची. अर्धा तास गेला तर गेला.

परत येताना मी गाईड दादाला विचारलं की तुम्ही आधीच नीट समजावून का नाही सांगत? तो हसला. त्याचं म्हणणं असं, की जास्त नियम सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीकडे जातं. काही जण स्वतःहून सांगतात की कोरलवर उभं करून फोटो काढा. मासे जमावेत म्हणून बिस्किटं टाकायला लावतात. तो नाही म्हणाला तर रेटिंग कमी. "आणि हो म्हणालात तर?" मी विचारलं. तो पाण्याकडे बघत म्हणाला, पुढे माझ्या पोराने लोकांना काय दाखवायचं?

याला उत्तर त्याच्या एकट्याकडे नाही. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवती रॉक्सजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे कृत्रिम प्रवाळभिंत आणि पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. चांगलंच आहे. पण नव्या प्रवाळाला घर द्यायला हजार टनांहून जास्त वजनाचं जहाज लागतं आणि आहे ते वाचवायला नुसते पाय वर घ्यावे लागतात, हा हिशेब मला तरी सोपा वाटतो.

बारा सकाळी

घरी आल्यावर मी तलावावर नाव घातलं. पहिले तीन दिवस कठडा सुटला नाही. सर रोज एकच सांगायचे, "पाणी ढकलू नको, त्याच्यावर झोप." आठव्या दिवशी पालथी तरंगले. बाराव्या दिवशी नळी तोंडात धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, पाय न टेकता. मला अजूनही फारसं पोहता येत नाही. पण स्नॉर्कलिंगला तेवढं पुरतं.

मार्चमध्ये पुन्हा मालवणला गेलो. सकाळी सुकतीच्या वेळी दांडी किनाऱ्यावरून चालत पद्मगडापर्यंत जाऊन आलो. ओहोटी असली की तिथे पायीच जाता येतं. खडकांमधल्या डबक्यांत वाकून बघितलं तर खेकडे, शंख, समुद्रफुलं असं अख्खं गाव भेटतं. मग बोटीने किल्ल्यामागे. पाण्यात उतरले, चेहरा आत घातला आणि पडून राहिले. पहिल्या वेळी मी काहीच बघितलं नव्हतं, हे तेव्हा कळलं. पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे एका प्रवाळाभोवती फिरत होते. मी हलत नव्हते, म्हणून ते पळतही नव्हते. बाजूला कुणीतरी धडपडलं आणि लांबून ओळखीचा आवाज आला, "पाय वर घे रे!"

या वेळी ते माझ्यासाठी नव्हतं.

पावसाळ्यामुळे आता मेअखेरपासून ३१ ऑगस्टपर्यंत तिथले जलक्रीडा प्रकार बंद असतात. तलाव मात्र चालू आहेत. बारा सकाळी काढा.

निघण्याआधी

• पालथं तरंगणं आणि तोंडाने श्वास घेणं तलावातच शिका. मास्कच्या काचेला आतून थोडी थुंकी लावून धुतली की धुकं धरत नाही. किळस वाटेल, पण चालतं!

• नळीत पाणी शिरलं तर उभं राहू नका. गाईडची रिंग धरा, चेहरा वर काढा, जोरात फुंका.

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं.

• सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे, ती प्रवाळासाठीच.

• माशांना बिस्किट, ब्रेड टाकू नका. टाकणाऱ्यालाही थांबवा.

• प्रवाळाचा तुकडा शोकेससाठी आणू नका, किनाऱ्यावर पडलेला असला तरी. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला सर्वोच्च संरक्षण दिलं आहे.

• गाईडने नियम नीट समजावले तर रेटिंगमध्ये तेच लिहा. त्याला त्याचा खरंच उपयोग होतो.