सेनापती आणि लोकसत्ता

इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानचा सरसेनापती अधिकारात व्हाइसरॉयच्या खालोखाल असे. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतील त्याच्याच प्रासादात पंतप्रधान नेहरू राहावयास गेले, तेव्हाच राज्य कोणाचे, हे स्पष्ट झाले. १९५५ साली ‘सरसेनापती’ हे पदनामही लोपले. २०२० पासून तिन्ही दलांच्या समन्वयासाठी संरक्षण दलप्रमुख आहेत. तरी सर्वोच्च आधिपत्य घटनेने राष्ट्रपतींकडेच ठेविले आहे.

पाकिस्तानात १९५८ साली सेनापती अयुबखान सत्तेवर चढले, ते १९६९ पर्यंत उतरले नाहीत. गोमंतकात डिसेंबर १९६१ मध्ये जनरल कँडेथ सैन्यासह आले, लष्करी राज्यपाल झाले आणि जून १९६२ मध्ये मुलकी प्रशासनाकडे सूत्रे सोपवून गेले. पुढच्याच वर्षी गोमंतकीयांनी मतदान केले. जिंकलेले लोकांच्या स्वाधीन करणे, यातच सेनापतीचे खरे मोठेपण आहे.