८० पैशांची सवलत आणि १७ रुपयांचे युनिट

८० पैसे आणि १७ रुपये. पुण्यात गॅसशिवाय, निव्वळ विजेवर चालणाऱ्या घराने हे दोन आकडे नीट समजून घेतले, तर बिल कमी करण्याचा अर्धा मार्ग सापडतो.

पहिला आकडा सवलतीचा. महावितरणचे टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या तासाला किती वीज वापरली याची वेगवेगळी नोंद ठेवणारे मीटर, ज्या घरात बसले आहे त्याला जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे सूट मिळू लागली. ही सूट टप्प्याटप्प्याने वाढवत २०२९-३० पर्यंत १ रुपयावर न्यायची, असे वीज नियामक आयोगाने ठरवले. घरगुती ग्राहकाला संध्याकाळच्या वापरासाठी जादा आकार मात्र लावलेला नाही.

दुसरा आकडा टप्प्याचा. जुलै २०२५ च्या दरांनुसार वहन आकारासह पहिली १०० युनिटे साधारण पावणेसहा रुपयांनी पडतात, १०१ ते ३०० साडेबारा रुपयांनी, ३०१ ते ५०० सतरा रुपयांनी आणि ५०० च्या पुढची एकोणीस रुपयांनी. यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे.

आता भागाकार करू. १७ भागिले ०.८० म्हणजे २१. तिसऱ्या टप्प्यातले एक युनिट वाचवले, तर २१ युनिटे रात्रीतून दिवसा हलवण्याइतका फायदा होतो. वेळ बदलण्याचे महत्त्व आहेच, पण या २१ पटीचा विसर पडला तर कष्ट बरेच होतात आणि पदरात थोडेच पडते.

रात्रीची वीज स्वस्त का नाही?

‘रात्री वापरा, स्वस्त पडेल’ हा समज जुना आहे आणि एकेकाळी तो खराही होता. ब्रिटनमध्ये १९७८ पासून रात्रीचे सात तास स्वस्त देणारी ‘इकॉनॉमी ७’ योजना चालत आली. आपल्याकडेही भोसरी-चाकणच्या उच्चदाब उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट असे. संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे आणि सकाळी ९ ते १२ मध्ये ८० पैसे जादा द्यावे लागत. कोळशाचे संच रात्री बंद करणे परवडत नाही, म्हणून तेव्हाची वीज खपवायची, असा त्यामागचा विचार होता.

सौरऊर्जेने हे चित्र पालटले. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चे उद्दिष्टच १६,००० मेगावॅटचे आहे. दुपारी वीज मुबलक असते, सूर्य मावळला की ती आटते. मग कोयनेचे १,९६० मेगावॅट आणि कोळशाचे संच यांच्यावर भार येतो. म्हणून ज्या ९ ते १२ मध्ये कारखान्यांना ८० पैसे जादा पडत, त्याच तासांत जुलै २०२५ पासून घराला ८० पैसे सूट मिळू लागली.

एका घराचा हिशेब

नमुन्यादाखल चौघांचे घर धरू. त्यांचा महिन्याचा वापर असा:

– इंडक्शनवरचा स्वयंपाक: १३५ युनिटे
– गीझर: ६०
– दिवे, पंखे, टीव्ही: ५५
– फ्रीज: ३०
– वॉशिंग मशीन: १५
– इतर: २५

एकूण ३२० युनिटे. स्वयंपाकाचा आकडा मोठा वाटेल, पण तो सिलिंडरवरून पडताळता येतो. १४.२ किलो गॅसमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली ६५ टक्के भांड्याला मिळते, इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे महिन्याला एक सिलिंडर लागणाऱ्या घराला १३५-१४० युनिटे लागणारच.

टप्प्यांनुसार विजेचे होतात ३,४१५ रुपये. शुल्क धरून ३,९६०. स्थिर आकार वेगळा.

फ्रीज चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याच्या वापराचा तिसरा हिस्सा आपोआप सवलतीत येतो. पंखे आणि दुपारचा थोडा स्वयंपाक धरून ८० युनिटे ९ ते ५ मध्ये पडत असतील, तर ६४ रुपये काहीही न करता सुटतात. कपडे, इस्त्री, डाळ-भाताचा कुकर असे सगळे दिवसा आणून आणखी ६० युनिटे हलवली, तर त्यात ४८ रुपयांची भर पडते. वर्षाला पावणेसहाशे.

याच घराने वापर ३२० वरून ३०० वर आणला, तर शुल्कासह महिन्याला ३९४ रुपये वाचतात. एका महिन्यात जवळपास आठ महिन्यांच्या हलवाहलवीची बचत!

गीझर हलवू नका, पाणी मोजा

दुपारी पाणी तापवून ठेवावे आणि सकाळी वापरावे, ही कल्पना मोह पाडते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला १.१६ युनिटे लागतात. दुपारच्या सवलतीत त्यावर ९३ पैसे सुटतात. पण चालू ठेवलेली टाकी रात्रभर थोडी थोडी निवते आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा कॉइल पेटवतो. दोन हजार वॅटची कॉइल रात्रभरात सगळी मिळून पावणेदोन मिनिटे जरी जास्त चालली, तरी १७ रुपयांच्या दराने ते ९३ पैसे संपले. पाणी तापवायचे ते अंघोळीच्या आधीच.

खरी बचत पाण्याच्या मापात आहे. १८ लिटरच्या बादलीभर कोमट पाण्याला थंडीत ०.४६ युनिट लागते. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर सहा मिनिटे चालवला की १.२३. फरक पाऊण युनिटाचा, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात अंघोळीमागे १३ रुपये. सोसायटीच्या गच्चीवर सौर बंब असेल, तर तो दुरुस्त आणि चालू ठेवणे याहून किफायतशीर दुसरे काही नाही.

एप्रिल-मे मध्ये एसीची हीच कथा. रात्री आठ तास, तासाला एक युनिट, म्हणजे महिन्याला २४० युनिटे. घर ५६० वर पोचते आणि एकट्या एसीचे शुल्कासह ४,८७२ रुपये होतात. तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. २४ ऐवजी २६ ठेवून पंखा लावला, तर २९ युनिटे, म्हणजे साधारण ६४० रुपये वाचतात.

सवलत कुणाच्या कामाची?

९ ते ५ ही नेमकी नोकरदारांची घराबाहेर असण्याची वेळ. डबा सकाळी साडेसातला भरायचा असतो, पोळ्या रात्री आठला. पुण्यातल्या नोकरी करणाऱ्या जोडप्याला ही सवलत फारशी हाती लागत नाही. घरी असणाऱ्या आजी-आजोबांना, गृहिणीला, घरून काम करणाऱ्याला लागते. वॉशिंग मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय असेल, तर बाहेर जाणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

सगळ्यांना सारखा लाभ देणारी एक जागा मात्र आहे: सोसायटीचा पंप. गृहसंस्थेची सामायिक जोडणी घरगुती दरात मोडते. ५ अश्वशक्तीचा पंप रोज तीन तास चालला, तर महिन्याला सुमारे ३३५ युनिटे होतात. या जोडणीवर टीओडी मीटर असेल आणि टाक्या दुपारी भरल्या, तर २६८ रुपये सुटतात. कुणाच्या घरातली एकही सवय बदलावी लागत नाही. कमिटीचा एक ठराव आणि वॉचमनला दिलेली वेळ पुरते.

आयोगाकडेही एक मागणी न्याय्य आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीत सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा असे म्हटले आहे. साडेबारा रुपयांवर ८० पैसे म्हणजे साडेसहा टक्केही नाहीत. सूट दोन रुपयांच्या पुढे गेली, तर वेळ बदलण्याला घरोघरी अर्थ येईल आणि संध्याकाळचा ताणही खरोखर हलका होईल.

तोवर क्रम असा ठेवावा. आधी बिलावर आपला वरचा टप्पा कोणता ते पाहावे. मग गीझर आणि एसीमधून त्या टप्प्यातली युनिटे कमी करावीत. धुलाई आणि पंप दिवसा घ्यावेत, आणि ८० पैशांसाठी घरातल्या बाईचा स्वयंपाकाचा दिवस मात्र उलटापालटा करू नये.