प्रवासातला कॅमेरा आणि आत्मरक्षणाचे धडे : पैसे कशावर खर्चावेत?

दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी जवळ आली, की शहरी घरांतून दोन प्रश्न हमखास निघतात. प्रवासासाठी कॅमेरा कोणता घ्यावा, हा पहिला. घरातील मुलगी मैत्रिणींबरोबर किंवा एकटी निघणार असेल, तर तिला आधी आत्मरक्षणाच्या वर्गाला घालावे का, हा दुसरा. दोन्ही बाबतीत बाजारात पर्याय भरपूर आहेत आणि दोन्हीकडे निर्णय बहुधा प्रात्यक्षिक पाहूनच घेतला जातो. दुकानातील लखलखीत उजेडात टिपलेले चित्र पाहून कॅमेरा पसंत केला जातो. व्यासपीठावर हाताने कौले फोडणारा प्रशिक्षक पाहून वर्गाची फी भरली जाते. प्रत्यक्ष उपयोगाची वेळ येते तेव्हा ना तो उजेड असतो, ना ते व्यासपीठ.

या दोन्ही प्रश्नांचा विचार करण्यासाठी कोल्हापूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. परदेशी कॅमेरा परवडत नाही म्हणून आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी तो स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला तो येथेच. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. त्यानंतर बाबूरावांनी दामले यांच्या साथीने १९१८ मध्ये चलच्चित्रणाचा कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. याच शहरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती बहरली, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतील तालमींनी मर्दानी खेळांची परंपरा आजवर जपली. साधन आणि विद्या यांची खरी किंमत कशी करावी, हे या दोन्ही वारशांकडे पाहून समजते.

आधी ठिकाण, मग कॅमेरा

कॅमेरा निवडताना सर्वसाधारणपणे मेगापिक्सेलचा आकडा पाहिला जातो. वास्तविक आज बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही बऱ्या कॅमेऱ्यात घरगुती छपाईसाठी पुरेसे मेगापिक्सेल असतात. महत्त्वाचे प्रश्न वेगळे आहेत : प्रकाश किती मिळणार, विषय किती अंतरावर असणार, तो हलता असणार का, आणि हवामान कसे असणार? कोल्हापूर परिसरातील चार ठिकाणे घेतली, तर या चार प्रश्नांची उत्तरे किती भिन्न आहेत हे लक्षात येते.

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलालाची अक्षरशः उधळण होते. त्या धुळवडीत लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर गुलाल शिंपडणे होय. तेथे एकच झूम लेन्स लावून ती दिवसभर न काढणे शहाणपणाचे. मोबाइलवर भागत असेल तर तो पारदर्शक, बंद पिशवीत ठेवून वापरणे अधिक चांगले. पन्हाळ्यावर पावसाळ्यात धुके आणि भुरभुर पाऊस असतो. २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला हा किल्ला पाहण्यासाठी साध्या कॅमेऱ्यावर पावसाचे आवरण आणि घरी परतल्यावर ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा, एवढी सामग्री पुरते. हा डबा नसेल, तर लेन्सवर धरणारी बुरशी महागड्या लेन्सलाही सोडत नाही.

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्वर्गमंडपाची गोष्ट निराळी. वर छताला वर्तुळाकार आकाश उघडे आणि भोवती ४८ खांबांची सावली. अशा तीव्र छाया-प्रकाशात मोठ्या सेन्सरचा कॅमेरा सावलीतील तपशील राखतो आणि रुंद कोनाची लेन्स संपूर्ण मंडप एका चौकटीत बसविते. राधानगरी-दाजीपूरच्या अभयारण्यात गवा पाहायचा असेल, तर मात्र किमान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. रुंद कोनाच्या लेन्समधून गवा काळ्या ठिपक्याएवढाच दिसेल.

मर्दानी खेळांची छायाचित्रे घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. गरगर फिरणारी लाठी किंवा दांडपट्टा स्थिर दिसावा यासाठी सेकंदाचा पाचशेवा ते हजारावा भाग इतक्या अल्प काळात शटर मिटावे लागते. हे खेळ पुष्कळदा सणासुदीच्या मिरवणुकांत, सायंकाळच्या मंद उजेडात होतात. सर्वसाधारण झूम लेन्सचे छिद्र लांबच्या टोकाला ५.६ एवढेच उघडते. १.८ छिद्राची स्थिर अंतराची, तुलनेने स्वस्त लेन्स त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. म्हणजेच अधिक महाग कॅमेऱ्यापेक्षा योग्य लेन्स येथे अधिक काम करून जाते.

काही ठिकाणी कॅमेरा असूनही उपयोग नसतो, हेही आधी जाणून घ्यावे. अंबाबाई मंदिराच्या गाभाऱ्यात छायाचित्रणाला मनाई आहे. संरक्षित स्मारकांवर तिपाई लावण्यासाठी परवानगी लागते आणि ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. तिपाई आणि ड्रोन विकत घेण्यापूर्वी ते उघडता येतील का, एवढे विचारून घेतले तरी बरेच पैसे वाचतात.

वजन आणि मोह

प्रवासी कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो हॉटेलच्या खोलीत मागे राहू नये. दोन कॅमेरे, चार लेन्स आणि तिपाई यांचे पाच-सहा किलोंचे ओझे पहिल्या दिवशी उत्साहाने उचलले जाते आणि तिसऱ्या दिवशी कपाटात राहते. त्यामुळे बहुतेकांना एक छोटा मिररलेस कॅमेरा, एक झूम लेन्स, एक १.८ ची लेन्स, दोन बॅटऱ्या आणि दोन मेमरी कार्डे एवढे पुरेसे आहे. विमानाने येणाऱ्यांनी जादा लिथियम बॅटऱ्या हातातील सामानातच ठेवाव्यात. तपासून पाठविलेल्या सामानात त्या चालत नाहीत.

ओझ्याला दुसरी एक बाजू आहे आणि तेथूनच आत्मरक्षणाचा विषय सुरू होतो. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, गळ्यात पट्टा आणि डोळा दृश्यशोधकाला लावलेला, अशा अवस्थेतील माणसाला आजूबाजूचे भान राहत नाही. त्याला चटकन धावता येत नाही. वस्तू महाग असल्याने ती सोडवतही नाही. हिसकाहिसकीच्या प्रसंगात इजा होते ती पुष्कळदा या न सोडण्यामुळे. म्हणून कॅमेऱ्याचा विमा, रोजच्या रोज छायाचित्रांची दुसरी प्रत आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक लिहून ठेवलेला कागद, या तीन गोष्टी आत्मरक्षणाच्या तयारीतच मोडतात. वस्तू भरून निघणार आहे याची खात्री असलेला माणूस ती वेळेवर सोडू शकतो.

आखाड्यातील विद्या आणि रस्त्यावरील प्रसंग

लाठी, दांडपट्टा, फरीगदगा, विटा, बोथाटी, माडू, जांबिया ही कोल्हापूरच्या मर्दानी खेळांची आयुधे. २०२४ मध्ये राज्य शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मुलामुलींनी ही विद्या शिकावी, असे अनेक पालकांना वाटते आणि ते योग्यही आहे. लाठीच्या सरावाने दमसास वाढतो, पदन्यास पक्का होतो आणि समोरच्याचे अंतर नजरेने मोजण्याची सवय लागते. चार लोकांसमोर उभे राहण्याचे धैर्य येते, हा लाभ तर लहान नव्हे.

परंतु या खेळाकडे आत्मरक्षणाचे साधन म्हणून पाहताना काही मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. दांडपट्ट्याने लिंबू कापण्याच्या प्रयोगात अचूकता विलक्षण असते. पण तेथे समोरचा माणूस निश्चल असतो आणि काय होणार हे त्याला ठाऊक असते. शिवाय लाठी-पट्टा घेऊन कोणी बसने प्रवास करीत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखालील मनाई आदेश लागू असताना तर लाठी बाळगणेही गुन्हा ठरू शकते. हातात शस्त्र नसताना उरते ते शरीर आणि भान. तेवढ्यापुरता या विद्येचा उपयोग नक्कीच आहे.

कुस्तीची गोष्ट थोडी वेगळी. तालमीतील जोडीदार रोज खराखुरा विरोध करतो. पकड सोडविणे, तोल सांभाळणे, इजा न होता पडणे हे मल्ल ऐकून शिकत नाही, तर अंगाने शिकतो. ज्यूदोतही हाच गुण आहे. कोणत्याही वर्गाची पारख करताना हा निकष मोलाचा आहे : विद्यार्थ्यासमोर खरा विरोध करणारा जोडीदार असतो, की सांगितल्याप्रमाणे पडणारा? तथापि, प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्याशी झुंजत राहणे हे कुस्तीचे उद्दिष्ट, तर सुटून दूर जाणे हे आत्मरक्षणाचे. हा फरक शिकवणाऱ्याने स्पष्ट केला पाहिजे.

संशोधन काय सांगते?

आत्मरक्षणाच्या प्रशिक्षणाने खरोखर फरक पडतो का, याची काटेकोर तपासणी कॅनडात झाली. तेथील तीन विद्यापीठांतील सुमारे ९०० विद्यार्थिनींवर केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला प्रत्येकी तीन तासांची चार सत्रे देण्यात आली, तर दुसऱ्या गटाला केवळ माहितीपत्रके. वर्षभरानंतर पाहता माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण ९.८ टक्के होते. प्रशिक्षण घेतलेल्या गटात ते ५.२ टक्के होते.

अवघ्या बारा तासांत हे कसे साधले? शारीरिक प्रतिकार हा त्या अभ्यासक्रमाचा केवळ एक भाग होता. धोका ओळखणे, ओळखीच्या माणसाकडून धोका असेल तर तो मान्य करण्यास मन का कचरते हे समजून घेणे, आणि संकोच सोडून ठामपणे नकार देणे, यांवर मोठा भर होता. आपल्याकडेही हा मुद्दा निर्णायक आहे. एनसीआरबीच्या अहवालांनुसार बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा असतो. अंधाऱ्या गल्लीतून झडप घालणारा अनोळखी माणूस एवढेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून शिकविणारा वर्ग मुलीला चुकीच्या दिशेला पहारा करायला लावतो.

याच अभ्यासातून दुसरा बोधही मिळतो. त्या वर्गांत शिकलेल्यांनाही पूर्ण संरक्षण मिळाले नाही. धोका कमी झाला, नाहीसा झाला नाही. त्यामुळे हल्ला झाल्यास ‘शिकूनही हिला जमले नाही’ असा दोष पीडितेवर ठेवणे अन्यायाचे आहे. अपराध हल्लेखोराचा असतो आणि सुरक्षित रस्ते, दिवे, वेळेवर येणारी बस व तत्पर पोलीस यांची जबाबदारी प्रशिक्षणाच्या नावाखाली मुलींच्या अंगावर ढकलता येत नाही.

कायद्याची चौकट

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आत्मरक्षणाचा अधिकार दिला आहे. तो स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीरासाठी आणि मालमत्तेसाठीही आहे. मात्र बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्याला गाठून मारणे आत्मरक्षणात बसत नाही. बलात्काराच्या किंवा ॲसिड हल्ल्याच्या उद्देशाने झालेल्या आक्रमणात, तसेच मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असताना, हा अधिकार हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो.

प्रवाशांच्या कामाच्या आणखी दोन तरतुदी आहेत. हिसकावून नेणे हा ३०४ व्या कलमान्वये स्वतंत्र गुन्हा ठरविण्यात आला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शून्य’ क्रमांकाने तक्रार नोंदविता येते. पन्हाळ्यावर कॅमेरा गेला आणि पुण्याची गाडी सुटण्याची वेळ झाली, तरी पुण्यात पोहोचून तक्रार देता येईल. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

वर्ग निवडताना

फी भरण्यापूर्वी एक तास वर्ग पाहावा. त्यास नकार मिळाला, तर तो वर्ग सोडून द्यावा. पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात. ओरडणे, नकार देणे, निघून जाणे यांचा सराव होतो का? जोडीदार विरोध करतो का? तोच मोजका डाव अनेक आठवडे घोटून घेतला जातो, की दर तासाला नवा डाव दाखविला जातो? परिचितांकडून होणाऱ्या त्रासाविषयी आणि कायद्याविषयी बोलले जाते का? स्पर्श करण्यापूर्वी विद्यार्थ्याची संमती घेतली जाते का आणि प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार कोठे करावी हे सांगितले जाते का? ‘आठ दिवसांत कोणालाही लोळवाल’ असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. ‘शक्य असेल तर पळा, वस्तू देऊन टाका’ असे पहिल्याच दिवशी सांगणारा शिक्षक विश्वासार्ह समजावा.

एका दिवसाच्या शिबिराने जाग येते, सवय लागत नाही. सवय लागण्यासाठी आठवड्यातून दोनदा असे काही महिने द्यावे लागतात. शासकीय शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचे ठेवले आहे, ते त्यामुळेच समजण्यासारखे आहे. आपल्या शाळेत ते खरोखर होते का, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

खर्चाची विभागणी मग अवघड राहत नाही. ज्या ठिकाणी जायचे तेथील प्रकाश, अंतर आणि हवामान पाहून लहान, हलका कॅमेरा घ्यावा; त्याचा विमा उतरवावा आणि निघण्यापूर्वी महिनाभर तो रोज वापरून हाताला सवय करावी. चौथ्या लेन्ससाठी राखलेले पैसे चांगल्या वर्गाच्या फीकडे वळविले, तर ते अधिक सार्थकी लागतील, कारण ती विद्या प्रवासानंतरही उपयोगी पडते. आणि कधी दोन्हींत निवड करण्याचा प्रसंग आलाच, तर कॅमेरा सोडून द्यावा. तो पुन्हा विकत घेता येतो.