इंजेक्शनने दंड फुगतात, पण आत काय होतं? तालीम-जिममधल्या पोरांनी आणि घरच्यांनीही वाचावं

अहिल्यानगर : आपल्या जिल्ह्याला कुस्तीचं वेड काही नवीन नाही. २०२५ च्या सुरुवातीला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या रंगल्या. यात्रेतला हगामा तर गावोगाव असतोच. त्यात आता तालुक्याच्या गावात दोन-चार जिम झाल्यात, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. अशा ठिकाणी कधी ना कधी कुणीतरी हळूच म्हणतंच, "भावा, नुसत्या दूध-अंड्यानं काय होतंय? एक सायकल मार, तीन महिन्यात बॉडी बघ."

ही 'सायकल' म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स. आठ-बारा आठवडे गोळ्या किंवा तेलातली इंजेक्शनं घ्यायची, मग थांबायचं, परत सुरू करायचं. तीन महिन्यात बॉडी दिसते हे खोटं नाही. पुढच्या दहा वर्षांत त्या शरीराचं काय होतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आधी एक घोळ मिटवू. दम्याच्या पंपातलं, अंगावरच्या चट्ट्यांच्या मलमातलं किंवा सांधेदुखीला डॉक्टर देतात ते स्टेरॉइड वेगळं. ते सूज कमी करणारं औषध आहे. हा लेख वाचून कुणी आजी-आजोबांचा पंप किंवा गोळी बंद करू नये, ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. आपण बोलतोय ते ॲनाबॉलिक स्टेरॉइडबद्दल. टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथांडिनोन ही त्यातली काही नावं. ही सगळी पुरुषी हार्मोनची रूपं आहेत.

हे हार्मोन काय करतं ते शेतकऱ्याला शिकवायला नको. वळूची मान आणि खच्ची केलेल्या बैलाची मान शेजारी ठेवून बघा. वशिंड, खांदा, रग, सगळा फरक मुख्यतः या एका हार्मोनचा. माणसाच्या शरीरातही ते रोज बनतं, पण मोजून-मापून. जिममधला कोर्स घेणारे त्याच्या कितीतरी पट जास्त बाहेरून घालतात.

टाकीचा फ्लोट

घरावरच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की तो वर येतो आणि पाणी बंद. समजा तुम्ही रोज टँकरनं टाकी भरायला लागलात, तर विहिरीच्या लाइनचं पाणी टाकीत येणारच नाही. शरीरात नेमकं हेच होतं. रक्तात हार्मोन भरपूर दिसलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी म्हणते, आता गरज नाही. तिचे हुकूम थांबले की अंडकोषांचं काम थांबतं. ते आकारानं लहान होतात, वीर्यातले शुक्राणू कमी होत जातात, कधी शून्यावर येतात.

कोर्स थांबवला की बहुतेकांचं काम परत सुरू होतं, पण लगेच नाही. सहा महिने, वर्ष, काहींना दोन वर्षं लागतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काही जणांचं पूर्ण कधीच परत येत नाही. मधल्या काळात अंगात हार्मोन जवळजवळ नसतं. तेव्हा थकवा येतो, इच्छा मरते, कमावलेलं अंग उतरतं आणि मन इतकं खचतं की माणूस परत इंजेक्शनकडे वळतो. व्यसन लागतं ते असं.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला पाहिजे. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, पाळणा हलला नाही, की आपल्याकडे सुनेला दवाखान्यातून दवाखान्यात फिरवतात, देव-देवस्की करतात. पोराचे दंड बघून त्याच्यात काही दोष असेल असं कुणाला वाटत नाही. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त असते. ती पहिल्यांदा करा.

आणखी एक. जास्तीच्या हार्मोनचा काही भाग शरीर स्त्री-हार्मोनमध्ये बदलतं. त्यामुळे पोरांच्या छातीत स्तनासारखी गाठ तयार होते. ती चरबी नसते, ग्रंथी असते. एकदा जुनी झाली की ती व्यायामानं जात नाही, ऑपरेशनच करावं लागतं.

दावं तेच, खोंड मात्र तगडा

स्नायू भराभर वाढतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारा जो दोर असतो, ज्याला डॉक्टर कंडरा म्हणतात, त्याला रक्तपुरवठा कमी असतो. तो सावकाश वाढतो. शिवाय स्टेरॉइडनं त्याचा लवचीकपणा कमी होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे वासराच्या दाव्यानं तगडा खोंड बांधल्यासारखं झालं. एखाद्या झटक्यात दावं तुटतं. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टेरॉइड घेणारे ८८ आणि न घेणारे ५४ व्यायामपटू तपासले. घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची कंडरा कधी ना कधी तुटलेली होती, न घेणाऱ्यांत ६ टक्क्यांची. पैलवानासाठी खांदा किंवा दंडाची कंडरा तुटणं म्हणजे बहुतेक वेळा कुस्ती संपली.

सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचं तर वेगळंच. हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते, ती या औषधांनी लवकर बंद होते. उंची तिथंच थांबते. भरतीला उंचीची अट आहे, हे आई-बापांनी लक्षात ठेवावं.

हृदय हाही स्नायूच

सगळ्यात जास्त भीती इथं. इंजेक्शनला काय कळतंय, दंड कुठला आणि हृदय कुठलं? हृदयाची भिंतही जाड होते, पण ती जाडी उपयोगाची नाही. भिंत ताठर होते, तिच्यात मधेमधे व्रणासारखे धागे तयार होतात. व्रण आकुंचन पावत नाही आणि ठोक्याची वीजही नीट पुढे जाऊ देत नाही. म्हणून ठोके चुकतात.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १४० अनुभवी वेटलिफ्टर तपासले. त्यातल्या ८६ जणांनी स्टेरॉइड घेतलं होतं. एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं, तो आकडा टू-डी इकोच्या रिपोर्टवर असतो. न घेणाऱ्यांचा सरासरी ६३ होता, घेणाऱ्यांचा ५२. कोर्स चालू असलेल्यांचा तर ४९. कोर्स बंद केलेल्यांचा आकडा ५८ पर्यंत दिसला, म्हणजे थांबवलं तर काही भाग सावरतो. पण रक्तवाहिन्यांत बसलेला चरबीचा थर तसा सहज जात नाही. या औषधांनी चांगलं कोलेस्टेरॉल घटतं, वाईट वाढतं आणि रक्तही घट्ट होतं. घट्ट रक्त आणि अरुंद नळी यांचा परिणाम तिशी-पस्तिशीतला हार्टअटॅक किंवा लकवा असू शकतो.

डेन्मार्कमध्ये स्टेरॉइडसाठी कारवाई झालेल्या ५४५ पुरुषांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या तिप्पट निघालं.

लिव्हरचं नुकसान मुख्यतः गोळ्या करतात. पोटात गेलेली गोळी लिव्हरमध्ये नष्ट होऊ नये म्हणून तिची रचनाच बदललेली असते, आणि तीच रचना लिव्हरला जड जाते. कावीळ होते, रक्ताच्या पिशव्या तयार होतात, गाठी होतात, क्वचित कॅन्सरही. किडनीच्या चाळण्या खराब होऊन लघवीतून प्रथिनं गेल्याची उदाहरणंही डॉक्टरांनी नोंदवलीत.

पोरींसाठी

भरतीच्या गोळाफेकीसाठी कुणी पोरीला 'ताकदीची गोळी' देत असेल तर तिथूनच परत फिरा. आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, पाळी बिघडते. कोर्स थांबवल्यावर पाळी बहुधा परत येते, पण घोगरा झालेला आवाज परत येत नाही. पूर्व जर्मनीत सरकारनंच कोवळ्या वयाच्या खेळाडू मुलींना निळ्या गोळ्या व्हिटॅमिन म्हणून चारल्या. मेडलं आली. पुढे बाया आजारांनी ग्रासल्या, आणि २००० साली बर्लिनच्या कोर्टानं तिथल्या माजी क्रीडाप्रमुखाला दोषी ठरवलं.

आपल्या मातीतलं उदाहरण

नरसिंग यादव यांचं नाव कुस्तीप्रेमींना सांगायला नको. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ, रिओ ऑलिंपिकचं तिकीट. जून-जुलै २०१६ मध्ये त्यांच्या दोन चाचण्यांत मेथांडिनोन सापडलं. अन्नात कुणीतरी मिसळलं, असं त्यांनी सांगितलं. 'नाडा'नं १ ऑगस्टला त्यांना दोषमुक्त केलं. पण १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं कटाचं म्हणणं मान्य न करता चार वर्षांची बंदी घातली. त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही, सीबीआयनं गुन्हाही नोंदवला. खरं-खोटं काहीही असो, नियम सांगतो की तुझ्या अंगात काय सापडलं याला जबाबदार तूच. त्यामुळे बिल नसलेला, सील सैल असलेला पावडरचा डबा हा पैलवानासाठी मोठा जुगार आहे. अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेलं स्टेरॉइड जगभर सापडलंय.

जाता जाता मेफेन्टरमाइनबद्दल. राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी जिमच्या पोरांना विकली जाणारी ही इंजेक्शनं पकडलीत. हे स्टेरॉइड नाही. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचं बीपी पडलं तर ते वर आणायचं औषध आहे. व्यायामाआधी टोचलं की अंगात वीज आल्यासारखं वाटतं. सवय लागते, बीपी भडकतं, डोकं भरकटतं. आणि एकच सुई चौघांत फिरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची भीती वेगळीच.

घेत असाल तर

लपवू नका, डॉक्टरांना नावासकट सांगा. डॉक्टर पोलीस नसतात. लिपिड प्रोफाइल, लिव्हर, क्रिएटिनिन, सीबीसी, टेस्टोस्टेरॉन आणि टू-डी इको, एवढ्या तपासण्यांवरून बरंच कळतं. व्यायाम करणाऱ्याचं क्रिएटिनिन आणि लिव्हरचे काही आकडे एरवीही थोडे वाढलेले असू शकतात, म्हणून रिपोर्ट मोबाइलवर बघून स्वतः अर्थ लावू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, पायाला सूज, जिना चढताना धाप, छातीत दुखणं यातलं काही असेल तर थांबू नका. छातीत कळ आली तर सरळ १०८ ला फोन करा.

कोर्स बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने घरच्यांनी पोराकडे लक्ष ठेवावं. गप्प राहतोय, झोपत नाही, जगण्यात राम नाही असं बोलतोय, असं दिसलं तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. स्पर्धा खेळणाऱ्यांनी साध्या सर्दीची गोळी घ्यायच्या आधीही 'नाडा'च्या 'नो युवर मेडिसिन' ॲपवर तिचं नाव टाकून बघावं.